बोल्टची अक्कलदाढ

सोमवार

मोडलेला तुकडा बोल्टातच आहे आणि तो हाताने निघणार नाही. रस्त्याच्या टोकाला लेथचं दुकान चालवणाऱ्या लेथवाल्याने संध्याकाळी टॉर्च मारून या बातमीला दुजोरा दिला. बॉनेटखालून डोकं बाहेर काढत तो म्हणाला, "छान अडकवलाय. इतका छान अडकवायला कसब लागतं."

हे कौतुक माझं होतं.

झालं ते असं. ताईने आजवर दुसऱ्यांच्या दवाखान्यांत दात पाहिले. आता पन्नाशीला आल्यावर तिने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं आहे. ज्यांना जागेवरून हलता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे आपणच गाडी घेऊन जायचं आणि तिथेच उपचार करायचे. घडीची खुर्ची आली, दात कोरायचं छोटं यंत्र आलं, आणि हे सगळं वाहायला एक जुनी गाडी आली. पहिलं काम येत्या शनिवारी, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी फोनवर बजावलं आहे की याआधी दोघा डॉक्टरांनी 'येतो, येतो' करून तोंड दाखवलं नाही. ताईही तशीच निघाली तर दातांचा विषय त्यांच्यापुरता संपला.

गाडीच्या इंजिनाचा पट्टा सकाळी गाडी सुरू करताना किंचाळायचा. पट्टा बदलायचा तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरत ठेवणारा भाग, सैल करावा लागतो. त्यासाठी एकच बोल्ट काढायचा. मी बातम्यांच्या कचेरीतून आठवडाभर रजेवर आहे. "गॅरेजला कशाला? मी करतो," असं मी म्हणालो. कोणी आग्रह केला नव्हता.

बोल्ट गंजलेला होता. मी पाना लावला. ताई टॉर्च धरून उभी होती. "उलट फिरव," ती म्हणाली. मी उलट फिरवला. जोर लावला. मग पाय टेकवून जोर लावला, आणि बोल्टचं डोकं पान्यासकट हातात आलं.

मग मी बाजारातून एक्स्ट्रॅक्टर आणला. तुटक्या बोल्टला भोक पाडायचं, त्यात हा कडक पोलादाचा चौकोनी खिळा ठोकायचा आणि त्याला पाना लावून बोल्ट फिरवायचा. दुकानदार म्हणाला, हा कधी मोडत नाही. मी पुन्हा उलट फिरवला. तो मोडला.

आता बोल्टच्या पोटात बोल्टहून कडक तुकडा बसला आहे. त्यावर साधं ड्रिल नुसतं घसरतं. ताईने टॉर्च बंद करून खिशात ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

लेथवाला जाताना म्हणाला, "उद्या येतो. दहा मिनिटांचं काम आहे." मग ताईकडे पाहून पुन्हा म्हणाला, "दहाच मिनिटांचं." त्याचे हात काळे झाले होते, म्हणून मी अंगणातल्या बादलीतलं पाणी ओतलं.

मंगळवार

दहा मिनिटं दुपारपर्यंत चालली.

लेथवाला बोलका माणूस आहे. इंजिनांबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. आज त्याने चांगल्या प्रतीचं ड्रिल आणलं होतं. "हे लोणी कापल्यासारखं कापतं," असं तो सांगत होता. पण इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली जागा इतकी अरुंद आहे की ड्रिल सरळ धरताच येत नाही. तिरकं धरून त्याने जेमतेम सुरुवात केली होती, एवढ्यात ताई चहा घेऊन आली. त्याने "अरे वा" म्हणून वर पाहिलं आणि कट्ट असा आवाज झाला.

आता आत दोन तुकडे आहेत. एक माझा, एक त्याचा.

"याचं असं असतं," तो जरा वेळाने म्हणाला, "की याचं असंच असतं."

ताई पहिल्यांदाच हसली. माझा तुकडा मोडला तेव्हा हसली नव्हती.

चहाबरोबर बिस्किटं होती. त्याने एक तोंडात टाकलं आणि एकदम गालाला हात लावला. ताईने कप खाली ठेवला.

"उजवी, खालची, शेवटची. किती दिवस दुखतेय?"

"छे! काही दुखत नाही. गालावर माशी बसली होती."

"डाव्या बाजूनेच चावताय तुम्ही. कालही पाहिलं मी."

"डॉक्टर, मी लोखंडाला घाबरत नाही, विजेला घाबरत नाही. पण तुमच्या लोकांचं ते टाळ्याजवळ घूंऽऽ करणारं यंत्र असतं ना, ते लांबून ऐकलं तरी मी रस्ता बदलतो."

"माझं यंत्र तसा आवाज करत नाही."

"सगळे डॉक्टर असंच सांगतात," असं म्हणून त्याने दुसरं बिस्किट चहात बुडवलं आणि डाव्या बाजूने खाल्लं.

बुधवार

गंज सुटावा म्हणून लेथवाल्याने सकाळी बोल्टच्या कडेने पातळ तेल सोडलं आणि "हे मुरू द्यायचं, याला हात लावायचा नाही," असं सांगितलं. हात लावायचा नसूनही तो तेल मुरलं का ते पाहायला तीनदा येऊन गेला. कामावरची निष्ठा अशी असते. संध्याकाळी आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुढे कुठेतरी कार्यक्रम असावा. पण इथेच ताईशी बोलत इतका वेळ उभा राहिला की तो कार्यक्रम नक्की हुकला असेल. मी तसं बायकोला म्हणालो. ती तोंडावर पदर धरून हसत बसली.

"दात काढायला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तू बातम्या लिहितोस ना रे?"

"मग?"

"काही नाही."

मला या आठवड्यात कोणी सरळ उत्तर देत नाही.

माझ्या मनात खरं काय चाललं आहे ते इथे लिहून ठेवतो. शनिवार जवळ येतो आहे. मी ताईला म्हणालो की आपण भाड्याची गाडी करू. ती शांतपणे म्हणाली, "यंत्र ह्या गाडीच्या बॅटरीवर चालतं. ती जोडणी मी महिनाभर बसून करून घेतली. भाड्याच्या गाडीत काय, मी आजोबांच्या तोंडात टॉर्च मारून परत येऊ?" मग तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मी तिची पट्टी मोडली की मारायची तशीच. ती रागावली नाही याचं मला अजिबात बरं वाटत नाहीये.

आईने आज लेथवाल्याला त्याच्या घरच्यांबद्दल सगळं विचारून घेतलं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली, मुलगी लग्न होऊन गेली, स्वयंपाक स्वतः करतो. बोल्टशी या माहितीचा काय संबंध, कोण जाणे. आई या वयात उगाच चौकशा करते.

गुरुवार

माझा तुकडा बाहेर आला. लेथवाल्याचाही आला. ते दोन्ही काचेच्या वाटीत ठेवले आहेत आणि घरातल्या सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहेत. श्रेय ताईचं.

सकाळी लेथवाला पहिल्यांदाच गंभीर दिसला. "दुखणं समजून घ्या," तो बॉनेटवर बोटाने चित्र काढत म्हणाला. "बोल्ट मऊ. त्याच्या पोटात कडक तुकडा. बाहेरून पकडायला टोक नाही. ठोकावं तर आणखी रुततो. ड्रिल बसत नाही, बसलं तर घसरतं."

ताई चित्राकडे बघत राहिली. "अहो, मग ही तर मोडलेली सुई झाली."

"कुठली सुई?"

"दाताचं मूळ साफ करताना आम्ही आत बारीक सुई फिरवतो. कधीकधी ती आतच मोडते. पकडायला टोक नाही, ढकलली तर आणखी आत जाते. हेच सगळं."

"मग काय करता? दात उपटता?"

"उपटायचा कशाला? सुईच्या भोवतीने अगदी थोडं थोडं कोरायचं, पाणी सोडत सोडत, ती हलेपर्यंत. घाई केली की संपलं." ती थांबली. "आणि दातावर बसवलेली धातूची जुनी टोपी कापून काढायला माझ्याकडे कडक टोकं आहेत. माझं यंत्र टूथब्रशएवढं आहे. जागा अरुंद असली तरी आत जाईल."

लेथवाला तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू तिने नवीन इंजिन शोधून काढलं.

पण अडचण होती. हातात धरायचं ते यंत्र तिच्याकडे एकच आहे. पोलाद कोरताना तेच बिघडलं तर गाडी दुरुस्त होऊनही शनिवारी तिच्या हातात काही नसणार. मी म्हणालो, "ताई, नको." बायको म्हणाली, "विचार करा." लेथवाला म्हणाला, "डॉक्टर, तुमचा हात मी चहाचा कप ठेवताना पाहिलाय. आवाज होत नाही. तुम्ही करा."

मला हे कारण तांत्रिकदृष्ट्या कमकुवत वाटलं. ताईला पुरलं.

गाडीची बॅटरी अजून भरलेली होती, यंत्र तिलाच जोडलं. ताईने चष्मा लावला, मास्क लावला, स्टुलावर बसून गाडीत वाकली. लेथवाल्याने टॉर्च धरला आणि मी पाण्याची पिचकारी. यंत्र सुरू झालं तसा लेथवाला दचकला, पण टॉर्च हलला नाही.

"तोंड उघडं ठेवा," ताई सवयीने बोल्टला म्हणाली.

"ठेवलंय," लेथवाला म्हणाला.

दीड-दोन तास गेले असतील. दर काही मिनिटांनी ती थांबायची, पाणी मारायची, टोक बदलायची. मी दोनदा म्हणालो, "हललं वाटतं." तिने दोन्ही वेळा "श्शू" केलं. मध्येच ती म्हणाली, "अहो, जरा डावीकडे धरा ना." आधी ती त्याला लेथवाले म्हणायची. कामाच्या घाईत माणूस नावं आखडती घेतो. मग चिमट्यात काहीतरी चमकलं आणि वाटीत टिंग वाजलं. थोड्या वेळाने दुसरं टिंग. लेथवाल्याने टाळ्या वाजवायला टॉर्च सोडला आणि तो रेडिएटरमागे पडला. तो काढायला आणखी अर्धा तास गेला.

आता खरी गोष्ट. तीच लिहायला मी आज वहीत पान जास्त घेतलं आहे.

काम संपल्यावर बादली रिकामी होती, म्हणून लेथवाला पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरात हात धुवायला गेला. तिथून त्याचा आवाज आला, "पाणी गेलंय का?"

आई म्हणाली, "नाही हो, आहे. उलट फिरवा."

"उलटच फिरवतोय."

"ते उलट नव्हे. आमचं उलट."

आमचा स्वयंपाकघरातला नळ सगळ्या जगाच्या विरुद्ध आहे. घर बांधताना प्लंबरने काय केलं देव जाणे. इतर नळ ज्या बाजूला फिरवून बंद करतात, त्या बाजूला फिरवला की हा उघडतो. आम्ही भावंडं रांगायचो तेव्हापासून आई सांगत आली आहे, 'उलट फिरव', आणि आम्ही फिरवत आलो आहोत. पाहुण्यांना पाणी मिळत नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

नळ उघडला नाही. लेथवाला ओले नसलेले काळे हात समोर धरून बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"बोल्ट कोणत्या बाजूला फिरवला होतात?"

"उलट," मी आणि ताई एकदमच म्हणालो.

"कोणतं उलट?"

ताईने हवेत हात फिरवून दाखवला. मीही फिरवला. दोघांचे हात एकाच बाजूला गेले. नळाच्या बाजूला.

लेथवाल्याने स्वतःचा हात दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिला.

"म्हणजे," लेथवाला हळूच म्हणाला, "तुम्ही तो काढत नव्हता. आवळत होता."

मी हवेतला हात खाली घेतला.

"डोकं तुटेपर्यंत आवळलात. मग पोटात खिळा घालून परत आवळलात."

बाटलीचं झाकण मी बरोबर उघडतो, हे इथे नमूद करतो. पण झाकण उघडताना कोणी 'उलट' म्हणत नाही. तो शब्द कानावर पडला की आमचा हात आपोआप नळावर जातो.

मी ताईकडे बघायचं टाळत होतो, एवढ्यात ती हसायला लागली. खुर्चीचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी चार दिवस तुझ्यावर मनातल्या मनात चिडलेय," ती म्हणाली, "आणि 'उलट फिरव' कोण म्हणालं? मीच!" मग मीही हसलो. लेथवालाही हसला आणि गालाला हात लावला.

"एकाच आईची लेकरं," आई अभिमानाने म्हणाली.

लेथवाल्याने नळ दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली. आईने साफ नकार दिला. "राहू द्या. घरचा माणूस कोण आणि पाहुणा कोण, ते या नळावरून कळतं."

शुक्रवार

बोल्ट निघाला. सकाळी साडेनऊच्या सुमारास, कारखान्यात शिकवतात त्या उलट बाजूने.

लेथवाल्याने आज चूक व्हायला जागा ठेवली नाही. दुकानात बसून त्याने जाड, बोथट, न मोडणारी कांब घडवून आणली. ती बोल्टच्या भोकात घट्ट बसवली आणि शेजारी इंजिनावर खडूने मोठा बाण काढला. "आता कोणी तोंडाने काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "फक्त बाण."

पाना त्याने माझ्या हातात दिला. मला वाटलं तो स्वतः करेल. "तुम्ही आवळलाय, तुम्हीच सोडवा," तो म्हणाला. मी बाणाकडे तीनदा पाहिलं. जोर लावला. काही नाही. सगळं तेल, सगळं कोरणं, सगळा आठवडा त्या पान्यावर येऊन थांबल्यासारखं वाटलं, आणि मला खात्री झाली की आता आणखी काहीतरी मोडणार.

"थांबू नकोस," ताई म्हणाली. "दाढसुद्धा आधी कुरकुरते."

तो कुरकुरला. मग एकदम एखादी गाठ सुटावी तसा सैल झाला आणि आटे फिरत फिरत बाहेर आला, लाल गंज आणि काळं तेल लावून. ताईने तो कापसात धरून उजेडात फिरवून पाहिला. "मूळ शाबूत आहे," ती म्हणाली. नवा बोल्ट बसला, नवा पट्टा बसला. गाडी सुरू केली तर किंचाळणं बंद.

मग सगळ्यांना एकदम आठवलं की यंत्र. पोलाद कोरल्यानंतर ते दातावर चालतं की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. ताईने ते कालच साफ करून, तेल घालून, निर्जंतुक करून ठेवलं होतं. आता तपासायला तोंड हवं होतं. माझे आणि बायकोचे दात ठणठणीत आहेत. आईचे सगळे कवळीतले.

लेथवाला पट्ट्याकडे बघत उभा होता. मग हात पुसत म्हणाला, "बसतो मी."

"कशाला उगाच," ताई म्हणाली. "तुम्हाला आवाजाची भीती वाटते."

"काल दोन तास ऐकलाय. आता सवय झाली." त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

घडीची खुर्ची अंगणात मांडली. तो बसला आणि दोन्ही हातांनी खुर्ची इतकी घट्ट धरली की मला खुर्चीच्या नटबोल्टची काळजी वाटली. ताई त्याच्याशी सतत बोलत होती, अगदी हळू, मला ऐकू न येणारं काहीतरी. यंत्र व्यवस्थित चाललं. तिने दाताचा खराब भाग थोडा कोरला, औषध भरलं आणि म्हणाली, "अक्कलदाढ आहे. वाकडी उगवलीय. पुढे काढावी लागेल. पण तोवर तीन-चार वेळा येऊन दाखवावं लागेल."

अक्कलदाढ एकदा काढली की संपलं, अशी माझी समजूत होती. पण ताई डॉक्टर आहे, तिला जास्त कळतं.

"दुखलं का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि इतके दात काढून हसला की ताईने त्यातले आणखी दोन तपासायचे ठरवले.

दुपारी तो हात धुवायला आत गेला. मी कान देऊन होतो, बोलावं लागलं तर सांगायला. काही ऐकू आलं नाही, फक्त पाणी. नळ त्याने पहिल्याच झटक्यात उघडला होता. आईने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने आईकडे पाहिलं. दोघी जेवायला किती पानं घ्यायची याबद्दल बोलायला लागल्या.

उद्या सकाळी आठला ताई वृद्धाश्रमाकडे निघेल. व्यवस्थापक बाईंनी संध्याकाळी फोनवर सांगितलं की आजी-आजोबा रांगेसाठी आत्ताच भांडत आहेत. गाडी थोडी चालल्यावर नवा बोल्ट पुन्हा आवळावा लागतो, म्हणून लेथवालाही बरोबर जाणार आहे. पान्याच्या पेटीत खडू घेतला आहे, बाणासाठी. मी म्हणालो की मीही येतो, मागच्या सीटवर बसेन. ताई म्हणाली, मागे जागा नाही. पण खुर्ची डिकीत मावते आणि यंत्र पायाशी राहतं. मागच्या सीटवर ते नेमकं काय ठेवणार आहेत, ते उद्या आठ वाजता कळेल.